चौथ्या पानाची मालकीण

"आईचं नाव सांगा," बुनिम मावशी म्हणाली. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात पेन. समोर गोमांसाच्या लालभडक रश्शाचा वाडगा वाफाळत होता. तो तिने कोपराने बाजूला सारला आणि वही पुढे ओढली.

उम तेशिक काळ्या सुटात, दंडावर शोकाची पट्टी बांधून टेबलाटेबलाशी जात होता आणि आलेल्यांना वाकून नमस्कार करत होता. तालुका परिषदेचा अध्यक्ष. त्याची आई आदल्या दिवशी गेली होती. हॉलच्या दारापासून थेट पार्किंगपर्यंत पांढऱ्या शेवंतीची चक्रं उभी होती आणि प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या खात्याची फीत.

"नाव काय नाव, मावशी? सगळ्या तालुक्याला माहितीये. हान्नेवाली."

"ते गावाचं नाव झालं. हान्नेत जन्मली म्हणून हान्नेवाली. मी तिचं विचारतेय."

"छापा की नेहमीसारखं. तालुका परिषदेचे अध्यक्ष उम तेशिक यांच्या मातोश्री."

"म्हणजे मेलं कोण? तुम्ही?"

शेजारच्या टेबलावर एका माणसाच्या घशात सोजूच्या दारूचा घोट अडकला. तेशिकचा चेहरा क्षणभर लाल झाला, मग परत दुःखी झाला. "नंतर बोलू," असं म्हणून तो पुढच्या टेबलाकडे वाकला. मावशीने वही मिटली, वाडगा परत ओढला आणि शांतपणे रस्सा संपवला. मला म्हणाली, "खा गं पोरी. अंत्यविधीचा रस्सा उष्टा टाकायचा नसतो. आणि याला नाव माहितीये. माहीत नसतं तर घाबरला नसता."

आमच्या सोर्योंग तालुक्यात हे असंच आहे. बाई लग्न होऊन आली की माहेरच्या गावाचं नाव तिला चिकटतं. हान्नेवाली, मुरिमवाली, अमकीवाली. मग पोरगं झालं की अमक्याची आई. नातू झाला की अमक्याची आजी. खरं नाव, माहेरच्या आडनावासकट, रेशनच्या, दवाखान्याच्या कागदांवर पडून राहतं. आणि मेल्यावर पेपरात काय छापतात? मुलाचं नाव, मुलाचा हुद्दा, जावयाचा हुद्दा. मेलेली बाई त्या चौकटीत कुठेच नसते. नो बुनिमच्या पानावर मात्र असायची. तिचा नियमच होता, बाईचं स्वतःचं नाव पहिलं, मोठ्या टायपात. पोरं खाली, बारीक.

'सोर्योंग वार्ता' हे आमचं साप्ताहिक. दर शुक्रवारी निघतं. ते निघालं तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण मावशीने इतक्यांदा सांगितलंय की मला ते बघितल्यासारखं वाटतं. सैनिकी राजवट संपली, कुणालाही पेपर काढायची मुभा मिळाली, तेव्हा नोकरीवरून काढलेला एक मास्तर, एक औषधवाला आणि मिरची पिकवणारे काही शेतकरी एकत्र आले. जागा मिळाली तिळाच्या तेलाच्या घाण्यावरची माडी. खाली तीळ भाजायचे, वर बातम्या लिहायचे. पहिल्या अंकाच्या गठ्ठ्यावर तेलाचे डाग होते. पोस्टमन बोंबलायचा, "तुमचे अंक पिशवीत असले की गावोगावची कुत्री माझ्या मागे लागतात!"

बुनिम मावशी त्या घाण्यावर तीळ भाजायची. एक दिवस वर आली ती भांडायला. पाय आपटू नका, छताची माती कढईत पडते, हे सांगायला. वर बघते तर चार शिकलेले पुरुष आठशे अंकांच्या घड्या घालायला बसलेले आणि एकाची घडी सरळ नाही. तिने त्यांना उठवलं आणि स्वतः बसली. ती परत खाली गेलीच नाही, असं मिन साहेब सांगायचे. मिन साहेब म्हणजे तो मास्तर, आमचा संपादक. मावशी म्हणायची, खोटं, दोन वर्षं दोन्हीकडे काम केलं मी.

घाण्यावर तीळ घेऊन तालुक्यातली प्रत्येक म्हातारी येते. त्यामुळे कुणाची सून पळाली, कुणाचा बैल आजारी, कोण मरायला टेकलंय, हे मावशीला सगळ्यांच्या आधी कळायचं. म्हणून निधनवार्ता तिच्याकडे आल्या. मग पानच तिचं झालं, चौथं. तालुकाप्रमुखाने गुपचूप कचऱ्याचा डेपो आणायचा घाट घातला होता, तेव्हा पेपरने ते पहिल्या पानावर फोडलं. डेपोची जागा त्याला सोडून द्यावी लागली, दोनदा. पण लोक आजही पेपर हातात आला की आधी चौथं पान उघडतात. मिन साहेबांनाही ते माहीत होतं आणि त्यांना ते जरा झोंबायचं.

मी अकरावीत शाळा सोडली. पट्ट्या चिकटवायला कुणी हवंय असं कळलं म्हणून आले. अंकाला कागदाची पट्टी गुंडाळायची, तिच्यावर पत्ता. मावशीने मला एकच विचारलं, "शाळा का सोडली?" मी म्हटलं, कंटाळा आला. ती म्हणाली, "खरं बोललीस. बस." पुढे तिनेच मला कॉम्प्युटरवर पान लावायला बसवलं. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी आजही उठून उभी राहते. हे आधीच सांगितलेलं बरं.

तर हान्नेवाली. मंगळवारी आम्ही स्कूटरवरून बारामगोलला गेलो, उम लोकांच्या गावाला. तिथल्या म्हाताऱ्यांच्या विरंगुळा खोलीत सहा-सात आज्या जमिनीवर गोल बसून पत्ते खेळत होत्या. खालून तापवलेली गरम फरशी, मध्ये घोंगडी, घोंगडीवर फुलापानांचे ते छोटे जाड पत्ते. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला गुण लिहिलेले. मावशी वाकली आणि तो कागद बघत राहिली. मीही बघितला. त्यावर मुरिमवाली नव्हती, अमक्याची आई नव्हती. नावं होती. माक्ले, कान्नान, ओकबुन. आणि सगळ्यात वर, सगळ्यात जास्त गुण असलेली, सोपसोप.

"ही कोण?" मावशीने विचारलं.

आज्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग एक दात नसलेली आजी म्हणाली, "इथे पुरुष येत नाहीत ना, म्हणून. इथे आम्ही नावानेच हाका मारतो. बाहेर गेलं की परत आपलं मुरिमवाली."

"सोपसोप म्हणजे हान्नेवालीच?"

"तीच. चोरटी मेली. गेल्या महिन्यापर्यंत हरली नाही."

सोपसोप म्हणजे हिरमोड. नकोशीच म्हणा. बापाला पोरगा हवा होता, चौथी पोरगी झाली, त्याने रागाने कचेरीत तेच लिहून टाकलं. अशी नावं आमच्याकडे ढिगाने आहेत. माक्ले म्हणजे शेवटची. तिच्यानंतर तिला आणखी तीन बहिणी झाल्या. कान्नान म्हणजे नुसतं तान्हं. तिचं नाव ठेवायला कुणाला सवडच झाली नाही.

मावशी खाली बसली. "तिला लाज वाटायची का गं नावाची?"

"मी तिला म्हटलं होतं एकदा," माक्ले आजी पत्ते पिसत म्हणाली. "बदलून घे म्हटलं. कोर्टात बदलून मिळतं. तर म्हणाली, नव्वद वर्षं वापरलंय, आता कुठे जरा सैल झालंय अंगाला."

"पोरगा छापू नका म्हणतोय."

"पोराला नाव तिने ठेवलं की पोराने तिला?" कान्नान आजी म्हणाली. "छाप तू. आणि हे पण छाप, की माझ्याकडून जिंकलेल्या दोन लसणाच्या माळा तिने परत केल्या नाहीत."

बुधवारी मिन साहेबांनी मजकूर वाचला आणि चष्मा काढला. ते माणूस म्हणून चांगले. पण चष्मा काढला की समजायचं, माघार घेणार.

"मावशी, नुसतं 'श्रीमती ओक' लिहू. माहेरचं आडनाव तर आहेच."

"ओक आडनावाच्या या तालुक्यात तीनशे बायका असतील. त्यातली कोण मेली?"

"तेशिकचा फोन आला होता. हे नाव छापलं तर परिषद गावोगावच्या सरपंचांसाठी जे अंक घेते ते बंद करणार. अडीचशे अंक, मावशी. आणि आपले संचालक म्हणतायत, असं झालं तर चौथं पान तुमच्याकडे ठेवता येणार नाही. आणि तुम्हालाही कामावर नाही."

मावशीने खिडकीशी जाऊन एका कुंडीतली सुकलेली पानं खुडली. मला वाटलं, आता ऐकते. साठ वर्षांची बाई, नवरा नाही, दुसरी नोकरी कोण देणार?

"साहेब, पान काढून घ्यायचं तर घ्या," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यापासून. या आठवड्याचं पान अजून माझंय."

शुक्रवारी अंक आला. चौथ्या पानावर वर, मोठ्या टायपात: ओक सोपसोप, वय ९३, बारामगोल. खाली चार ओळी. सहा मुलं वाढवली, चाळीस वर्षं लसूण पिकवला, पत्त्यांत गावात कुणाला हार गेली नाही. मग सगळ्यात खाली, बारीक: पुत्र उम तेशिक. हुद्दा नाही.

सोमवारी पोस्टमनने एक गोणी आणून टाकली. उम घराण्याच्या घराघरातून अंक परत आले होते, पट्टीवर लाल शाईने 'घेणार नाही' असं लिहून. एकाहत्तर अंक. मिन साहेबांनी डोकं धरलं. मी पट्ट्या सोडवायला बसले, कारण कागद रद्दीत घालायचा होता. पाचवा अंक उघडला तर आत मागच्या आठवड्याचा पेपर. सहावा, तोही जुना. मी ओरडले. आम्ही सगळे जमिनीवर बसून उघडायला लागलो. एकाहत्तरपैकी चव्वेचाळीस जणांनी नवा अंक ठेवून घेतला होता आणि पट्टीत जुना घालून रागाने परत पाठवला होता.

मिन साहेब हसत सुटले. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. आमच्या तालुक्यातला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही आणि मनापासून होही म्हणत नाही, हे खरंच आहे.

तेशिकला मात्र हसू नव्हतं. तो मंगळवारी स्वतः आला. बूट न काढता आत. मी म्हटलं, बूट. तो माझ्याकडे बघून परत गेला, बूट काढले, मग आला. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. एवढा मोठा माणूस, आई गेल्यापासून कुणी त्याच्या मोज्यांकडे बघितलं नव्हतं.

"माझ्या आजोबांनी आईला काय म्हटलं, ते सगळ्या तालुक्याने वाचायचं?" तो म्हणाला. आवाज चढलेला, पण मधेच फुटत होता. "ती नकोशी होती हे छापून तुम्हाला काय मिळालं?"

"तुमच्या आजोबांचं नाव छापलं नाही मी," मावशी म्हणाली. "लाज त्यांची होती. ती तुम्ही तुमच्या आईच्या डोक्यावर का ठेवताय?"

"पहिल्या पानावर माफी हवी. नाहीतर बघाच."

"छापते."

तो चमकला. मिन साहेब चमकले. मीसुद्धा. मला एवढा राग आला की मी पाणी प्यायला बाहेर गेले. परत आले तेव्हा तो निघून गेला होता आणि मावशी लिहीत होती. तिने कागद मिन साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

'दिलगिरी. गेल्या अंकात बारामगोलच्या ओक सोपसोप यांचं वय ९३ छापलं गेलं. त्या ९४ वर्षांच्या होत्या. ओक सोपसोप यांच्या आयुष्यातलं एक वर्ष आमच्या हातून सुटलं, याबद्दल आम्ही वाचकांची माफी मागतो.'

"वय खरंच चुकलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"हो. कान्नान आजीचा फोन आला होता. आमच्याहून मोठी होती, एक वर्ष कमी का केलंत म्हणून शिव्या घातल्या."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. या वेळी चष्मा नाकावरच होता. "मग माफी मागायलाच हवी," ते म्हणाले आणि सही केली. संचालकांना अंक छापून आल्यावरच दिसला. बरंच झालं.

त्याच अंकात आणखी एक गोष्ट गेली, आणि त्यातली चूक माझी. बारामगोलच्या आज्यांनी निरोप पाठवला होता. आमची नावं आत्ताच छापा, मेल्यावर पोरांच्या भरवशावर ठेवायची नाहीत. सतरा नावं होती. मावशीने मथळा दिला, 'आम्ही अजून आहोत'. मी पान लावलं. पण चौथ्या पानाचा साचा नेहमीचाच घेतला, निधनवार्तांचा, काळ्या जाड रेघेचा. मथळा लहान, रेघ मोठी. माझं लक्षच गेलं नाही.

शुक्रवारी दुपारपासून फोन थांबेनात. एकाच गावात सतरा बायका एका आठवड्यात गेल्या म्हणून आरोग्य खात्यातून एक माणूस येऊन गेला. लोक अंत्यविधीला देतात तसे पांढऱ्या पाकिटात पैसे घालून घरोघर पोचले. माक्ले आजीचा मुलगा राजधानीतून रडत रडत अडीच तास गाडी चालवत आला. ती शेतात होती. त्याला बघून म्हणाली, "आलाच आहेस तर लसूण उपट." संध्याकाळपर्यंत उपटला त्याने. पतपेढीने सभासद वारली म्हणून शेवंतीचं भलंमोठं चक्र विरंगुळा खोलीत पाठवलं. आज्यांनी ते परत केलं नाही. भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसून पत्ते खेळल्या. म्हणे, वास छान येतो.

मी मावशीपुढे जाऊन उभी राहिले. काढून टाका म्हटलं. ती म्हणाली, "सतरा घरी पोरं आईला बघायला आली. तुझ्या चुकीचं काम मला तीस वर्षांत जमलं नव्हतं. पुढच्या वेळी रेघ पातळ घे."

दुसऱ्या आठवड्यात मुरिमहून अकरा नावं आली. मग खालच्या बंदराकडून. मग इतकी, की मिन साहेबांनी दर महिन्याला अर्धं पान त्यालाच दिलं. पातळ रेघेचं.

तेशिकने अंक बंद केलेच. अडीचशे. सोळा पानांचा पेपर बारा पानांचा झाला. आम्ही शेवटच्या पानावरचं शब्दकोडं काढून टाकलं, त्यावर मावशीच्या निधनवार्तांपेक्षा जास्त शिव्या पडल्या. संचालकांची बैठक झाली. चौथं पान काढून घ्यायचा ठराव आला, पण कुणी हात वर केला नाही, कुणी विरोधातही बोललं नाही, सगळे चहा पीत राहिले. आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो. तेशिक पुढच्या निवडणुकीत परत निवडून आला. आमच्याशी बोलत नाही. पण त्याच्या घरची पट्टी, मीच चिकटवते, अजून जाते. परत येत नाही.

मावशी पेपरात सहा वर्षं आणखी होती. गेल्या हिवाळ्यात सोडलं तिने. गुडघे गेले, माडी चढवेना. आता घरामागे मिरची लावते आणि दर शुक्रवारी दहा वाजता मला फोन करून पान चारमधल्या चुका सांगते. अजून एकही शुक्रवार चुकला नाही.

तिने काम सोडल्यावर जुने अंक स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. तेलाचे डाग पडलेले, पिवळे. तिसऱ्या आठवड्यात मी अडतिसाव्या अंकाशी पोचले. पेपरचं पहिलंच वर्ष. चौथं पान. निधनवार्ता चार होत्या. शेवटची अशी: 'आमच्या साप्ताहिकाच्या सहकारी नो बुनिम यांच्या मातोश्रींचं मंगळवारी राहत्या घरी निधन झालं. वय ६१.' मी ती पुन्हा वाचली. नो बुनिमचं नाव होतं. साप्ताहिकाचं होतं. आईचं नव्हतं.